हौदाची पाळी

खोटं वाटत असेल तर इथेच थांबा, माझा आग्रह नाही. पण ही माझ्या सख्ख्या मावशीची गोष्ट आहे, आणि मावशी म्हणजे मांजर आडवं गेलं तर त्यालाच 'चल, हो बाजूला' म्हणणारी बाई.

मावशी आणि काका शहरातला फ्लॅट विकून दूर उत्तरेला, बर्फ पडणाऱ्या मुलखात शेतावर राहायला गेले, त्या पहिल्याच हिवाळ्यात हे घडलं. हौस काकांची. मावशी एका अटीवर गेली होती, की एक हिवाळा बघू, नाही जमलं तर गुपचूप परत यायचं.

माणसं दोन, गाई चार आणि थंडी हाडं गोठवणारी.

गोठ्याबाहेरच्या हौदावर रात्रीत बर्फाचा जाड थर धरायचा. उजाडायच्या आत तो पहारेने फोडायचा, तेव्हा कुठे गाईंना पाणी. दूध न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याने सुरुवातीलाच बजावलं होतं, हे काम चुकवू नका. आधीचा मालक एकटा जीव, तापाने फणफणला तरी चुकवायचा नाही. शेवटी त्या हौदापाशीच गेला बिचारा.

ही शहरातली माणसं. त्यांनी पाळ्या लावल्या. एक दिवस काका, एक दिवस मावशी.

एका पहाटे मावशीचा दिवस होता. गजर वाजला, पण पांघरुणातून हात बाहेर काढवेना. तेवढ्यात बाहेरून आवाज आला...

ठक... ठक... ठक...

काका गेले वाटतं! काका घोरायचे, म्हणून मावशी वेगळ्या खोलीत झोपायची. ती कूस बदलून निवांत झोपली.

मग रोजच तसं होऊ लागलं. पाळीवरून चालणारी दोघांची धुसफूस थांबली. काका स्वतःहून तिला चहा करून द्यायला लागले. उशिरा का होईना, नवऱ्याला अक्कल आली, असं मावशीला वाटलं. हा माणूस माझ्यासाठी एवढं करतोय, तर राहू की इथेच. पण बोलून दाखवलं नाही. कौतुक केलं की हा डोक्यावर बसणार!

एका पहाटे खोकल्याची उबळ आली, म्हणून ती पाणी प्यायला उठली. बाहेर ठकठक चालूच होती.

तिने स्वयंपाकघरातला दिवा लावला...

शेगडीपाशी काका हात शेकत उभे होते.



ठक... ठक...

"अगं, तू इथे?" काका म्हणाले. "मग बाहेर..."

इतके दिवस त्यांना वाटत होतं, मावशीच जाते. हिला शेत मानवलं म्हणून तर तो चहा होता.

काकांनी बॅटरी उचलली. मावशीने त्यांची बाही धरली, उजाडू तरी द्या म्हणाली. गाई आहेत गं तिथे, असं म्हणून ते गेले.

आवाज थांबला.

बराच वेळ काहीच नाही. गाईंच्या गळ्यातल्या घंटासुद्धा नाहीत...

मग पुन्हा... ठक... ठक...

मावशी धावत सुटली. काका हौदावर वाकून बर्फ फोडत होते. रात्री पडलेल्या कोऱ्या बर्फात पावलांची एकच ओळ होती, काकांची. उघडे तळवे लोखंडी पहारेला चिकटले होते. सोडवताना कातडी निघाली, पण काकांनी हूं की चूं केलं नाही.

"घरात चला हो," मावशी रडत म्हणाली. "आजच परत जाऊ."

"असं कसं जाणार?" काका शांतपणे म्हणाले. "आपल्या एवढ्या पाळ्या त्यांनी केल्या. आता आपण नको करायला?"

त्यांनी म्हणजे कोणी, हे मावशीने विचारलं नाही. तिची हिंमतच झाली नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी तिथे राहायला गेलो. पहाटे उकाड्याने जाग आली. खिडकीतून काका दिसले, हौदापाशी. पाण्यावर पहार मारत होते.

पाण्यावर मारली तर पाणी उडायला हवं ना?

ठक... ठक... ठक...

मावशी कधी शेजारी येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

"झोप रे," ती म्हणाली. "आज त्यांची पाळी आहे. माझी उद्या."

तिच्या तळव्यांवर जुन्या जखमांचे वण होते.

मी त्याच दिवशी निघालो. मावशी फोन करते, राहायला कधी येतोस विचारते. आता दोघांच्याने होत नाही म्हणते. आईमागे तिनेच मला वाढवलं, जायला हवं, हे मला कळतं.

मी दर वेळी काहीतरी कारण सांगतो.