अर्ध्या शेडपुरता विश्वास

कुंडलच्या रस्त्यावर मयूरीची स्कूटी पंक्चर झाली, ती नेमकी जयराजच्या पोल्ट्रीसमोर. सांगलीच्या पशुखाद्य कारखान्यात कोंबड्यांच्या खाद्याचं प्रमाण ठरवणं हे तिचं काम. शेडच्या दाराशी येताच अमोनियानं तिचे डोळे झोंबले.

"रडू नका मॅडम... पंक्चर काढून देतो की!"

"तुमचं शेड रडवतंय. सोयापेंड किती घालता?"

"लय. प्रोटीन जादा तर वाढ जादा."

"छे! कापड दहा शर्टांचं आणि बटणं चारच शर्टांची. उरलेलं कापड वाया... तेच विष्ठेतून अमोनिया होऊन नाकात जातं. पेंड कमी करा, मेथिओनिन आणि लायसिन या अमिनो आम्लांची पावडर घाला. ती तुमची बटणं."

तो हसला, पण मनातून धास्तावला. आधीच्या दोन बॅचा फसल्या होत्या. हीही फसली तर त्याची आई, रंगूबाई, शेडला कुलूप लावणार होती.

आठ दिवसांनी मयूरी वजन करायला आली, तर शेडच्या मधोमध जाळी. एका बाजूला तिचं खाद्य, दुसऱ्या बाजूला जुनं.

"अर्धाच विश्वास?"

"आईनं अर्धंच शेड दिलं..." तो पुटपुटला.

तिच्या बाजूचा पक्षी साठ ग्रॅमनं हलका भरला.

"बघ," रंगूबाई म्हणाली, "पुस्तकातली कोंबडी!"

मयूरीनं खाद्याची मूठ उचलून पाहिली. "पावडर मिसळली कशी?"

"ढिगावर टाकून खोऱ्यानं हलवली."

"आधी घमेलंभर भरड्यात मिसळायची, मग ढिगात. नाहीतर एकाला सगळी, बाकीचे कोरडे." ती थांबली. "हे मी सांगायला हवं होतं... चूक माझी."

तिनं स्वतः खाद्य मिसळून दिलं. आठवडाभर तिला जेवण गेलं नाही.

पुन्हा आली, तर जाळीच नव्हती.

"दुसऱ्याच दिवशी काढली. सगळ्यांना तुमचंच खाद्य."

"वेडे आहात का? वजन भरलं नाही तर?"

"शेड जाईल." त्यानं मान वर केली नाही. "पण आपली चूक तोंडावर कबूल करणारं माणूस... परत कुठं गावायचं?"

दोघांनी मिळून पक्ष्यांची टोपली काट्यावर ठेवली. नगाला एक किलो नऊशे, बाजाराला हवं तेवढं. पुन्हा एक टोपली. तेवढंच.

"कुलूप ऱ्हाऊ दे रं," रंगूबाई दारातून म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

"मग... सांगलीला कवा येऊ?" जयराजनं विचारलं.

"रविवारी," मयूरी म्हणाली. "बाबा घरी असतात."