तीनशे दोनचं पाणी

सकाळी सहाला कादंबरीने नळ फिरवला. नळाने एक लांब सुस्कारा टाकला आणि विषय संपवला.

शेजारी धो धो पाणी पडत होतं. म्हणजे सुकापूरच्या त्या इमारतीत फक्त तिच्या तीनशे दोनवर दुष्काळ पडला होता. आत आई, खुब्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झालेली. महिनाभर जिना उतरायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि परवाच दाराखालून एक चिठ्ठी आली होती, टाइप केलेली, बिनसहीची: आठ दिवसांत जागा खाली करा.

साडेपाचला दूध घेताना दाराशी भरलेल्या दोन बादल्या दिसल्या होत्या, वर ताटं झाकलेली. टाकी धुणार असतील, मालकीणबाईंनी ठेवल्या असतील, म्हणून तिने त्या आत घेतल्या होत्या.

कादंबरी विमा कंपनीत खोटे दावे पकडायची. माणसं किती तऱ्हांनी सज्जन दिसू शकतात, हे बघण्याचाच तिला पगार होता.

ती गच्चीच्या दाराशी गेली; प्रत्येक घराच्या पाण्याचा कॉक आत टाकीपाशी होता. कुलूप शाबूत. चाव्या दोघांकडेच: घरमालक दाजी आणि इमारतीचे सेक्रेटरी दीनानाथराव.

दाजी अंगणात मिश्री लावत बसले होते.

"दाजी, माझं पाणी तुम्ही बंद केलंत?"

"मी?" त्यांनी बोट तोंडातून काढलं. "तुला काढाची असती तं तोंडावर सांगितला असता. जागेला गिऱ्हाईक हाय, ता खरा. पन पानी तोडाचा पाप आमी नाय करत."

"काकू, बादल्या तुम्ही ठेवल्यात?"

"कसल्या बादल्या, बाय?" दाजींच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या बायको, वेणूकाकू म्हणाल्या. "मी नाय."

मग ती दीनानाथरावांच्या घरी गेली. त्यांनी खुर्चीवरचा लग्नपत्रिकांचा गठ्ठा उचलून तिला बसायला जागा करून दिली.

"पाण्याचं कळलं मला. दाजी माणूसच अडाणी. पण खरं सांगू का? महिन्याच्या बोलीवर राहणाऱ्याला कसले आलेत हक्क? शांतपणे निघा. टेम्पो मी बघतो."

"आईला हलवता येत नाही."

"तेच मनात आलं माझ्या. त्या दोन बादल्यांत त्यांची आंघोळ तरी झाली ना?"

"झाली," कादंबरी म्हणाली. मग तिने जिन्यातून दाजींना हाक मारली.

दाजी धापा टाकत वर आले.

"दाजी, गिऱ्हाईक कोण?"

दाजींनी हनुवटीने समोर दाखवलं. "हेच. यांच्या पोराचा, वरदचा लगीन हाय ना, त्याच्या बिऱ्हाडाला. मी बोल्लो, रिकामी झाली तं देईन."

"मग चिठ्ठी टाकून ती रिकामी करायचं काम यांनी घेतलं," कादंबरी म्हणाली. "बादल्या साडेपाचला दाराशी होत्या. पाणी गेल्याचं मला सहाला कळलं. ज्याने बादल्या ठेवल्या, त्याला ते माझ्या आधी माहीत होतं. मी विचारलं फक्त काकूंना, आणि किती बादल्या ते त्यांनाही सांगितलं नाही. दोन होत्या हे तुम्हाला कुठून कळलं, दीनानाथराव?"

दीनानाथरावांनी पत्रिकांचा गठ्ठा सरळ केला. तो आधीच सरळ होता.

"घरात आजारी माणूस," ते शेवटी म्हणाले. "कॉक बंद केला, पण बिनपाण्याचं कसं ठेवायचं? आपण काय राक्षस आहोत?"

इतका सुसंस्कृत कबुलीजबाब कादंबरीने नोकरीतही ऐकला नव्हता.

"दाजी मला दर महिन्याला भाडेपावती देतात," ती म्हणाली. "मला काढायचं तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते, तीही मालकाची. तरी हलले नाही तर कोर्ट. आणि भाडेकरूचं पाणी तोडणं गुन्हा आहे, तोडणारा कितीही सभ्य असला तरी."

"मंग मी नोटीस दिली तं?" दाजींनी सहज विचारलं.

"द्या ना. कोर्टात भेटू."

दाजी खो खो हसले. "बाय कडक हाय. दे रं तिला गच्चीची चावी."

दीनानाथरावांनी जुडग्यातून चावी सोडवली. "किती दिवसांसाठी?"

"आई जिना उतरेपर्यंत तरी," कादंबरीने हात पुढे केला. "पुढचं मी ठरवीन."