करंजाच्या छाप्याची वही

प्रभाकर गुप्त्यांची शोकसभा रविवारी होती. त्याआधी तीन दिवस त्यांची मुलगी अरुंधती पनवेलला शशिकला दामल्यांच्या ऑफिसात येऊन बसली. वडिलांची एक वही घरातून चोरीला गेली होती.

सत्यजीत टिपणं घेऊ लागला. खासगी तपास करणाऱ्या शशिकलाबाईंच्या हाताखाली त्याला चार वर्षं झाली होती.

गुप्ते वन्यजीव गुन्ह्यांचे निवृत्त तपास अधिकारी. १९७९ साली करंजा बंदरात सुक्या मासळीच्या गोण्यांत त्यांनी बिबट्याची अकरा कातडी पकडली आणि भगवान कोळी तुरुंगात गेला. खबर कोणी दिली, हे गुप्त्यांनी कोर्टातही सांगितलं नाही. सुटून आलेला भगवान पंधरा वर्षांनीही त्या माणसाच्या शोधात आहे, असं करंजात बोललं जायचं.

अरुंधतीला छाप्याची हकिगत सभेत वाचायची होती. पण वडिलांच्या एकोणीस वह्या मोडी लिपीत होत्या आणि तिला मोडी येत नव्हती. उदयसिंह या वडिलांच्या जुन्या सहकाऱ्याने एक निवृत्त शिक्षक शोधून आणले. सोमवारी वह्या चाळून ते म्हणाले, छाप्याचं वर्ष यांत नाही. मोजल्या तर अठराच भरल्या. आदल्या दिवशी एकोणीस होत्या.

त्या रविवारी बाहेरचे दोघेच घरी आले होते. भगवानचा धाकटा भाऊ काशिराम गुप्त्यांच्या खोलीत बराच वेळ एकटा बसला होता. दुसरे उदयसिंह. जप्त कातड्यांपैकी दोन नाहीशी झाली तेव्हा लोकांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं होतं. अरुंधतीचा संशय त्यांच्यावरच होता.

दुपारी शशिकलाबाई आणि सत्यजीत गुप्त्यांच्या घरी गेले. सगळ्या वह्यांना एकसारखी खाकी कव्हरं, वर साल नाही. फळीवर उचकापाचक नव्हती. गुप्त्यांच्या पत्नी वसुंधराबाई म्हणाल्या, माणूसच गेलं, वहीचं काय घेऊन बसता. सत्यजीत पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. लोणच्याच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या त्याला वाचता येईनात. डॉक्टरी अक्षर दिसतंय, असं तो शशिकलाबाईंना हसत म्हणाला.

तिथून दोघं उदयसिंहांकडे गेली. ते आरोप ऐकून चिडले नाहीत, नुसते थकल्यासारखे खाली बसले. करंजाला काशिराम मात्र घाबरला. दारात जाळं विणणाऱ्या भगवानकडे बघत त्याने आवाज खाली आणला.

"ताई, मला सही बी येत नाय. आंगठा लावतो मी. आमी दोगं भाव एकाच चुलीवर जेवतो, इथं हा विषय काडू नका."

परतताना सत्यजीत म्हणाला, चोर काशिरामच.

शनिवारी सकाळी शशिकलाबाईंनी मायलेकींना समोर बसवलं.

"बाहेरून सगळ्या वह्या सारख्या. उचकापाचक न करता नेमकी तीच काढायची तर मोडी सहज वाचता यायला हवी. काशिराम निरक्षर आहे. उदयसिंहांना वही दडवायची असती, तर ती वाचणारा माणूस त्यांनीच कशाला आणला असता? उरलं घरचं माणूस. बरण्यांवर मोडीत आंबा, लिंबू, मिरची लिहिणारं."

वसुंधराबाई उठल्या आणि तांदळाच्या डब्यातून वही घेऊन आल्या.

"खबर देणाऱ्याचं नाव आहे यात. ते कुणाच्या कानी पडू द्यायचं नाही, असं यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं. मी ती जाळणार होते. यांचं अक्षर बघून हात धजला नाही."

"आणि उदयसिंहकाकांवर मी आळ घेतला, तेव्हा तू गप्प बसलीस?" अरुंधतीने विचारलं.

"बसले," त्या म्हणाल्या. "त्याची लाज वाटते मला. पण नाव फुटलं असतं, तर एक घर उभं जळलं असतं."

अरुंधतीने वही हातात घेतली. मग तिने ती न उघडताच आईला परत दिली आणि उदयसिंहांची माफी मागायला निघाली. सत्यजीत नाव विचारणार होता. शशिकलाबाईंनी मान हलवून त्याला थांबवलं.

सभेला भगवान न बोलावता आला. तो बोलायला व्यासपीठावर गेला.

"साहेबांनी मला पकडला. सुटल्यावर दोनदा इचारलं, खबर कोनी दिली. साहेब बोलले, मीच हुडकून काडली. खोटं होतं. पन खोटं बोलून साहेबांनी कोनाला तरी वाचवला, येवडं मला कळतं. आता नाय शोधायचं मला."

पहिल्या रांगेत काशिरामने चेहरा ओंजळीत झाकला. खबर देणाऱ्याचं नाव सत्यजीतला तेव्हा कळलं.

भगवान खाली आला. बसण्यासाठी त्याने धाकट्या भावाच्या खांद्याचा आधार घेतला, आणि बसल्यावरही हात तिथेच राहू दिला.