डाग दिलेला लोटा

सरका रे जवळ, पोट्टेहो. अन् कोणाले मधातच उठून घरी जायचं असेल तर त्यानं आत्ताच जावं. मधात उठणाऱ्याले अंधारातून एकट्यानं जावं लागते, मग माह्या नावानं बोंब मारू नका.

ही काही इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट नाई. चांगल्या वळखीच्या माणसाची आहे. ब्रह्मपुरीत नानाजी नावाचा कापडवाला होता. पंचावन सालची गोष्ट, म्हणजे तीन-चार वर्षंच झाली. माणूस वाईट नव्हता बरं. पातळ घ्याले आलेल्या बाईच्या लेकराले गुळाचा खडा द्यायचा, कोणी मापात नडलं तर वीतभर कापड जास्त फाडून द्यायचा. पण त्याले एक रोग होता. हेव्याचा. अन् हेव्याले अवसद नाई, बाप्पा.

हेवा कोणाचा, तर साडभावाचा. नानाजीची बायको इंदुताई अन् तिची मोठी बहीण भागीरथाबाई, दोघी एकाच गावात दिलेल्या. भागीरथाबाईचा नवरा गुणवंतराव जंगलाचा ठेकेदार. आलापल्लीचं सागवान विकून विकून घरात लक्ष्मी नांदली, मग त्याले जुन्या वस्तूंचा शौक लागला. बैठकीत सागवानाचं काचेचं कपाट, अन् त्यात मोराच्या तोंडाचे अडकित्ते, भोसल्यांच्या वेळची पानदानी, हस्तिदंती मुठीचा जंबिया, बंद पडलेलं विलायती घड्याळ. दिवाळीत लोक फराळाले कमी अन् कपाट पाहाले जास्त जात.

मग नानाजीनंही कपाट केलं. अन् तिथूनच दुखणं वाढलं. यानं अडकित्ता आणला का लोक म्हणत, "हो, असाच गुणवंतरावाकडे आहे, पण त्याले घुंगरू आहेत." यानं समई आणली का म्हणत, "छान आहे. गुणवंतरावाची कमरेपर्यंत येते." नानाजीच्या अंगाचा नुसता तिळपापड होय. तोंडावर दोघं साडभाऊ गळ्यात गळे घालत अन् मनात एकमेकाले पाण्यात पाहत. इंदुताई आपली हसायची. म्हणे, "अजी, जुनी भांडी मांडून कोणी मोठं होते का? जुनी तर मीबी झाली. मले ठेवता काय कपाटात?" तिच्या हसण्यानं घर भरलेलं वाटायचं. लेकरू नव्हतं त्याहिले, पण जोडा चांगला होता.

त्या वर्षी पौष लागला अन् नानाजी एटापल्लीच्या बाजारात लुगडी-पंचे विकाले निघाला. आलापल्लीपर्यंत मोटर, पुढं बैलबंडी. बंडी जंगूची. जंगू तिकडचाच माडिया माणूस. बोलणं कमी, बैलाशी गुणगुणणं जास्त.

रस्त्यात एका गावाबाहेर मोहाचं मोठं झाड लागलं. खाली उभे रोवलेले दगड. फांदीले एक टोपली टांगलेली, एक वाळक्या भोपळ्याचा तुंबा, अन् त्याच्या बाजूले एक लोटा. पितळेचा, उंच मानेचा. पोटावर चहूकडून मासे कोरलेले अन् गळ्याजवळ हरणांची रांग. असं काम नानाजीनं जन्मात पाह्यलं नव्हतं. फक्त बुडाले बोटभर भोक.

"हे कोणाचं रे, जंगू?"

"मेलेल्याचं."

"अन् भोक काऊन पाडलं? एवढा चांगला लोटा!"

जंगूनं बैलाची शेपटी सोडली. म्हणे, "मानूस गेला का त्याच्या भांड्याले आमी भोक पाडतो, भाऊ. त्याचं पानी आता सपलं. भोक पाडलं, म्हंजे पानी सोडलं. मंग तो घरी मांगाले येत नाई."

नानाजी 'हं' म्हणाला. पण ऐकलं कोणी? त्याच्या डोळ्यापुढं तो लोटा कपाटात जाऊन बसलाही होता, अन् समोर गुणवंतराव उभा होता, तोंड पाडून.

बाजार आटोपला. परततानी जंगूनं त्याच झाडाच्या पुढं नाल्यावर बैल सोडले. नानाजी म्हणे, "मी जरा जाऊन येतो." गेला अन् आला. येतानी पंच्यांच्या गाठोड्यात लोटा होता. चोरी केली असं त्याले वाटलंच नाई. वाटलं, झाडाले टांगून उन्हातान्हात काळं पडून राह्यलं, आपण न्हेलं तर कोणाचं काय जाते?

घरी येऊन इंदुताईले सांगितलं का बाजारात घेतला. चिंच लावून लख्ख घासला, कपाटाच्या मधोमध ठेवला, अन् गल्लीभर निरोप धाडले.

गुणवंतराव आला. वाकला. अन् वाकलेलाच राह्यला. नानाजीची छाती अशी फुगली का अंगातल्या बंडीचे बंद तुटते काय! पण गुणवंतराव काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं लोटा उचलला, बूड डोळ्याले लावलं, भोकातून नानाजीले पाह्यलं अन् म्हणे, "वा साडभाऊ! लोटा आहे का दुर्बीण? अबे, फुटकं भांडं तर भिकारीही घरात ठेवत नाई!"

सारी बैठक खदखदून हसली. इंदुताईच्याही पदराआडून हसू फुटलं. नानाजी त्या रात्री जेवला नाई.

सकाळी दुकान उघडायच्या आधी वारलू तांबटाकडे गेला अन् भोकाले कथलाचा डाग देऊन आणला. असा बेमालूम, का बोट फिरवलं तरी कळू नये. घरी येऊन लोटा काठोकाठ भरला, कपाटात ठेवला, अन् साडभावाले बोलावणं धाडलं. "या. पाहा. थेंब गळते काय."

आता समजलं का, पोट्टेहो, काय केलं त्यानं? ज्याचं पाणी त्याच्या माणसाहिनं सोडलं होतं, त्याचा लोटा यानं बुजवला. भरला. अन् घरात मांडला.

गुणवंतराव या बारीनं हसला नाई. लय वेळ पाहत राह्यला. मग हळूच म्हणे, "मले देता काय? भोसल्यांची पानदानी घ्या बदल्यात."

जन्मभर हेच ऐकायचं होतं नानाजीले! म्हणे, "साडभाऊ, माह्या जिवात जीव आहे तोवर तर नाई." त्या दिवशी त्यानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

अन् रोज संध्याकाळी लोटा भरून ठेवायचा नेम धरला. येणाऱ्या-जाणाऱ्याले दाखवाले.

दुसऱ्या सकाळी लोटा कोरडा. खाली ओल नाई. डाग तर जसाच्या तसा. नानाजी म्हणे, मांजर प्यालं असेल. कपाटाले काच, काचेले कडी, अन् मांजर प्यालं! माणसाले जे नको असते ते दिसत नाई. मग एका सकाळी चुलीजवळची घागर रिकामी. मग मोरीतला रांजण. इंदुताई विहिरीवर खेपा घालून थकली.

अन् मग तिले तहान लागाले लागली.

साधी तहान नाई. तांब्यावर तांब्या प्यायची अन् म्हणायची, "अजी, घशाखाली उतरतच नाई." ओठ फुटले. हात काटक्यासारखे झाले. वैद्यानं काढे दिले, डाक्तरनं सुई टोचली. भागीरथाबाई रोज येऊन उशाशी बसे अन् बहिणीच्या तोंडात चमच्यानं पाणी घाले. इंदुताईचं हसणं तर कधी बंद झालं, नानाजीले कळलंही नाई.

एक दिवस रात्री इंदुताई म्हणे, "अजी... बैठकीत कोण पाणी पिऊन राह्यलं?"

"कोणी नाई. झोप तू."

पण त्यालेही ऐकू येत होतं. घट... घट... थांबून थांबून. लय दिवसाचा तहानलेला माणूस पिते, तसं.

जंगूचं बोलणं त्याले तेव्हा आठवलं. सगळं आठवलं, शब्द न् शब्द.

इंदुताई म्हणे, "तो लोटा आला तवापासून घरात पाणी टिकत नाई. देऊन टाका भाऊजीले. त्याहिले आवडला आहे."

"गुणवंताले?" नानाजी ओरडला. "विहिरीत टाकीन, पण त्याले देणार नाई!"

काय म्हणतं रे इतवारी? मग विहिरीत तरी काऊन नाई टाकला? बरोबर विचारलं. न्हेऊन झाडाले टांगता आला असता. तेही नको, खिळा ठेवून एक ठोका मारला असता तरी भागत होतं. पण त्याच हप्त्यात भागीरथाबाई सांगत आली, का नागपूरहून एक मोठे पाहुणे येऊन राह्यले. जुन्या वस्तूंचे जाणकार. त्याहिनं लोट्याचं नाव ऐकलं, सोमवारी सकाळी पाहाले येणार, अन् गुणवंतराव स्वतः त्याहिले घेऊन येणार. साडभाऊ! स्वतः! पाहुण्याले घेऊन नानाजीच्या उंबरठ्यावर!

आता सांगा, भोक पाडवते काय अशा माणसाच्यानं?

रविवारची रात्र. पौषातली अवस. थंडी अशी का कुत्रेही चुलीत शिरलेले. इंदुताई आतल्या खोलीत, डोळे अर्धे उघडे. भागीरथाबाई दिवेलागणीले घरी गेली होती. घरात दोघंच.

"अजी... पाणी."

नानाजीनं पाजलं. पुन्हा "पाणी." पुन्हा पाजलं. तिच्या ओठाचा कोपरा हलत होता अन् आवाज येत नव्हता. माणूसच होता तो, दगड नव्हता. उठला. खिळा घेतला, हातोडी घेतली, कंदील घेऊन बैठकीत गेला.

कडी काढली. लोटा काठोकाठ भरलेला होता.

संध्याकाळी त्यानं भरलाच नव्हता.

त्यानं वाकून पाह्यलं. कंदिलाच्या उजेडात पाण्यात तोंड दिसलं. त्याले वाटलं आपलंच.

नानाजीनं एक डोळा मिटला. पाण्यातल्यानं... मिटला नाई.

आतून आवाज. "पाणी..."

आवाज इंदुताईचा होता का? कोणाले माहीत. नानाजी मागाहून म्हणे, का त्याले नाई सांगता येत.

त्यानं लोटा उचलला, पाणी भुईवर ओतलं, अन् उपडा करून गुडघ्यात धरला. खिळा बुडाले लावला. हातोडी वर केली. अन् त्याच घडीले, देवाशपथ सांगतो, त्याच्या डोळ्यापुढं गुणवंतराव आला. लोट्यातून पाहून हसणारा. पाहुण्याले म्हणणारा, "पाहा, फुटकाच निघाला ना!"

हातोडी खाली आली नाई.

"उद्या," नानाजी म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. कोणाले म्हणाला, काय माहीत. "उद्या सकाळचं होऊन जाऊ दे. पाहुणे गेले का पाडतो. एकच रात्र."

...

सारं शांत झालं. घट घट नाई. कुत्रं नाई. वारा नाई.

मग...

ठण्ण्!

एकच ठोका. पितळेवरचा.

नानाजीनं दचकून लोटा चाचपला. बूड पाह्यलं. डाग जागेवर. भोक नव्हतं. त्याच्या हातातली हातोडीही हातातच होती. अन् ऐका, पोट्टेहो, त्या माणसाले पहिल्यांदा काय वाटलं असेल? आनंद. लोटा वाचला म्हणून आनंद!

मग आवाज कुठून आला म्हणून आत गेला. इंदुताई शांत पडलेली. श्वास चालू. ओठ ओले. कितीक दिवसांनी ओले.

"इंदू?"

"हं."

"पाणी देऊ?"

तिनं मान हलवली. "नको अजी. आता तहान नाई." अन् थोडीशी हसली.

नानाजी तिच्या पायाशी बसून लहान लेकरासारखा रडला. वाटलं, टळलं. ज्याले जायचं होतं तो गेला. आपलं माणूसही राह्यलं, अन् लोटाही राह्यला. तिथीच त्याचा डोळा लागला.

उजाडलं. इंदुताई कूस बदलून झोपलेली होती. नानाजीनं तिले उठवलं नाई. दाढी केली, धुतलेलं धोतर नेसला, कपाटाची काच पुसली. मनात म्हणे, पाहुणे यायच्या आत हिच्या उशाशी ताजं पाणी ठेवू. चुलीजवळून तिचा पाणी प्यायचा पितळी गडवा घेतला. लग्नात माहेरून आलेला. त्याच्यावर तिचं नाव टोचलेलं. दुसऱ्या कोणी त्यातून प्यालेलं तिले चालत नव्हतं. घागरीतून पाणी ओतलं अन् चालाले लागला.

पायावर गार लागलं.

खाली पाह्यलं. चुलीपासून उंबरठ्यापर्यंत पाण्याची धार.

"इंदू..."

...

"इंदू!"

गुणवंतराव पाहुण्याले घेऊन आला तेव्हा दारात गल्ली जमली होती. पाहुणे चपला घालूनच परत फिरले. कपाटाकडे कोणी पाह्यलं नाई. नानाजी बैठकीत बसला होता, मांडीवर गडवा घेऊन. तो त्याच्या हातातून भागीरथाबाईनं सोडवला अन् उजेडात धरला.

बुडाले बोटभर भोक होतं. गडव्याचं तोंड एवढं बारीक, का आतून घासाले काडीले चिंधी बांधून घालावी लागे. हातोडी तर सोडा, लहान पोराची मूठही त्यात जात नव्हती. अन् भोकाच्या काठाचं पितळ चहूकडून बाहेर आलेलं होतं. ठोका आतून बसला होता.