वीस मिनिटांनी बंद पडणारी व्हॅन

खुर्च्या जवळ घ्या आणि ते मोबाईल पालथे ठेवा. सांगतोय ते माझ्या शेजारच्या मिस्त्रीच्या बाबतीत घडलेलं आहे. माझं टायरचं दुकान, त्याचं गॅरेज, मध्ये एक भिंत. वीस वर्षं आमचा चहा एकत्र.

एकोणीस नोव्हेंबर, मंगळवार. रात्री सव्वादहाला मिस्त्री एक जुनी व्हॅन घेऊन निघाला. काम साधं. चालवून बघायची, कुठे बंद पडते का.

व्हॅन लाँड्रीवाल्या वहिनींची. नवरा पायानं अधू, म्हणून हॉटेलांच्या चादरी आणणं-पोचवणं सगळं त्याच करायच्या. सहा महिने गाडी त्यांना छळत होती. वीसेक मिनिटं झकास चालायची, मग आचके देऊन बंद. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. मिस्त्रीनं फिल्टर बदलला, पंप बदलला, वायरी तपासल्या. पण दर वेळी चौकापर्यंत एक फेरी मारायचा आणि परत. तेवढ्यात ती कशाला बंद पडतेय!

चौथ्यांदा वहिनी आल्या तेव्हा तो वैतागला. मी तिथेच होतो.

"वहिनी, गाडीत काही नाही. तुम्हाला क्लच सोडता येत नाही."

चार माणसं हसली. मीही हसलो.

वहिनी एवढंच म्हणाल्या, "बरं, भाऊ. पण आणखी एकदा बघाल?"

त्यानं नाही बघितलं.

आठवड्याभरानं, पुलाअलीकडच्या वळणावर व्हॅन बंद पडली. अंधार. वहिनी खाली उतरून गाडीच्या बाजूला उभ्या होत्या. ट्रकवाल्याला दिसल्या नाहीत. व्हॅनला जेमतेम ओरखडा आला. वहिनी गेल्या.

नवऱ्यानं गाडी मिस्त्रीकडेच पाठवली. म्हणाला, "तिचा तुझ्यावरच विश्वास होता." त्या दिवसापासून मिस्त्रीला अन्न गोड लागेना.

तर ती रात्र. या वेळी तो चौकातून परतला नाही. घड्याळाकडे बघत निघाला. दहा मिनिटं. पंधरा. दहा पस्तीसला, पुलाअलीकडे, त्याच वळणावर आचका बसला. आणखी एक. बंद.

किल्ली फिरवली. नाही.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मग मागून आवाज आला. टाकीचं झाकण फिरवल्याचा. हळू. एक आटा… दुसरा…

आणि सुस्स… लांबच लांब. टाकीनं श्वास आत ओढावा तसा.

मिस्त्री बसून राहिला. हात स्टिअरिंगवर.

"वहिनी…?"

…

खाली उतरला. कोणी नाही. झाकण टाकीवर नव्हतं. रस्त्यावर होतं. वहिनी उभ्या होत्या तिथे.

टॉर्चच्या उजेडात धरलं आणि ओळखलं. झाकण त्यानंच बसवलेलं. सहा महिन्यांपूर्वी मूळचं त्याच्या हातून हरवलं, म्हणून दुसऱ्या गाडीचं काढून लावलेलं. कुणाला बोलला नव्हता. टाकीत हवा जायला झाकणाला बारीक भोक लागतं. याला नव्हतं. पेट्रोल कमी होत जातं, हवा आत येत नाही, इंजिन गुदमरतं. वीस मिनिटांत. त्यानं फुंकर मारून पाहिली. बोट फिरवलं. ठार बंद.

गाडी मात्र पहिल्या किल्लीला सुरू झाली.

सकाळी झाकण मुठीत घेऊन तो माझ्याकडे आला. सगळं सांगितलं. म्हणाला, "चल बरोबर. एकट्याला जमणार नाही."

गेलो. खाली मान घालून त्यानं नवऱ्याला सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. झाकण त्याच्या हातावर ठेवलं.

 नवऱ्यानं झाकण खिडकीच्या उजेडाकडे धरलं.

"मिस्त्री, भोक आहे की याला."

"नाही हो. रात्री मी स्वतः…"

"आहे. बघ ना. तू उगाच मनाला लावून घेतलंस."

मिस्त्री परत परत सांगत राहिला, चूक माझीच, माझीच. नवरा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. ते मला बघवेना. मी झाकण हातात घेतलं.

भोक होतं. सुई जाईल एवढं. आरपार. कडांवरून बोट फिरवलं तर पत्रा टोचला… वरच्या बाजूला. टाकीच्या आतून कुणीतरी बाहेर भोसकल्यासारखा.