सोडलेला बोकड

कंप्युटरवर शेळ्या पाळायच्या, हे ऐकून तुम्ही हसाल. हसा. बाबांनी माझ्या लॅपटॉपपुढे पहिल्यांदा खुर्ची ओढली तेव्हा मीही हसले होते.

गिरणी बंद पडल्यापासून बाबांचं कांदिवलीच्या या घरात मन रमलं नव्हतं. त्या खेळात मात्र रमले. माळावर चार माणसांची वस्ती वसवायची आणि ती जगवायची, एवढाच खेळ. शेती, भिंती माझ्याकडे, शेळ्या बाबांच्या. कुठली गाभण आहे, कुठल्या शेळीला कुठला बोकड दाखवायचा, कुठली करडं वेगळी काढायची, सगळं तोंडपाठ. मालवणातलं त्यांचं अर्धं बालपण मला त्या दुपारींत फुकटात ऐकायला मिळालं. काय दिवस होते!

एका काळ्या बोकडाला मात्र ते हात लावू देत नसत.

"ह्यो राखणदाराच्या, आमच्या गावच्या देवाच्या नावान सोडलेलो. तेका कापूचो नाय. कापलो तर तेच्या जागी घरातलो एक जीव देवचो लागता."

"बाबा, गेम आहे हो!"

"गेम तुझो. बोकड राखणदाराचो."

बाबा जाऊन वर्ष झालं. परवा रविवारी जेवण झाल्यावर मी मन घट्ट करून तो खेळ उघडला. कळप होता तसाच होता. पण खेळात थंडी पडलेली आणि वैरण संपत आलेली. जनावरं कमी केली नाहीत तर बाबांचा अख्खा कळप उपाशी मरणार होता, आणि तेवढंच तर त्यांचं माझ्याकडे उरलं होतं. मी घाईघाईत हुकूम देऊन टाकला : नर एकच ठेवा, म्हातारे आधी कापा. मग कोणाला कापायचं ते खेळच ठरवतो.

सगळ्यात म्हातारा नर कोण, ते आठवलं तेव्हा वस्तीतला माणूस सुरी घेऊन कुंपणात शिरला होता. मी हुकूम रद्द केला. तो थांबला नाही... पुन्हा रद्द केला...

काळा बोकड आडवा झाला.

मला रडूच कोसळलं. बाबांनी सांगितलेली एक गोष्ट, तीही मला पाळता आली नाही.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "गो, खिडकी लाव मगे. शेरडांचो वास येता."

खिडकी लावलेलीच होती.

डोळे पुसून मी जनावरांची यादी उघडली. शेळ्या वाचल्या होत्या, वैरण वसंतापर्यंत पुरणार होती. यादीच्या तळाशी एक नवी ओळ दिसली. नाव : ठकू. वय : एकतीस वर्षं.

शेळी इतकी जगत नाही. एकतीस वर्षांची मी आहे... आणि ठकू मला फक्त बाबा म्हणायचे.

मालकाच्या रकान्यात त्यांचं नाव नव्हतं, माझंही नव्हतं. तिथे एवढंच लिहिलेलं होतं : सोडलेली.