विहिरीकाठच्या चपला

"मॅडम, आमची अपेक्षा गेली."

बँकेचं शटर वर जाऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. रजनी पाठक अजून टेबलावरची धूळ झटकत होती. समोर अमर उभा होता, टाकळीच्या रामरावांचा थोरला मुलगा. चेहरा पांढराफटक आणि पायांतल्या चपला चिखलाने लडबडलेल्या. शिपायाने नुकतीच पुसलेली फरशी त्याने दारापासून टेबलापर्यंत काळी करून टाकली होती.

"गेली म्हणजे कुठे गेली?"

"विहिरीच्या काठावर तिच्या चपला सापडल्या. खाली चिठ्ठी. जमादार गळ टाकून पाहून राह्यले."

रजनीने फडकं टेबलावर ठेवलं. नेरच्या या शाखेत सात वर्षं कर्जाचं टेबल तिच्याकडे होतं. तीनच दिवसांपूर्वी तिने अमरच्या या बहिणीच्या, अपेक्षाच्या नावे नोटीस काढली होती. शैक्षणिक कर्ज, व्याजासह पाच लाख बारा हजार, पंधरा दिवसांत भरावे, अन्यथा कायदेशीर कारवाई. खाली सही तिची. सही करताना तिने चहाचा कपही बाजूला ठेवला नव्हता. आता ते आठवलं.

"बस आधी. पाणी घे. काही खाल्लंस का?"

"कायचं खातो मॅडम? रातपासून पोटात अन्नाचा कण नाई." तो बसला नाही. कोपरापासून मनगटापर्यंत दोन्ही हात करकरा खाजवत राहिला. कातडीवर लाल पुरळ उठलं होतं. मग खाली मान घालून म्हणाला, "एक इचारू का? कर्जवाला मेला तं विम्याचं कसं रायते? कोणते कागद लागते?"

बँकेतल्या माणसाची जीभ डोक्याच्या आधी चालते. "विमा असेल तर पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला," रजनी बोलून गेली.

"म्हणजे प्रेत भेटलंच पायजे?"

"हो. प्रेत लागतं. नाही सापडलं तर वर्षानुवर्षं थांबावं लागतं."

अमर वळला आणि बाहेर त्याच्या मोटरसायकलचा आवाज झाला. रजनीला स्वतःचीच किळस आली. बहीण विहिरीत आहे की नाही ठाऊक नाही, आणि आपण त्या पोराला कागदांची यादी सांगत बसलो.

तिने कपाटातून अपेक्षाची फाइल काढली, पर्समध्ये कोंबली आणि स्कूटी काढली. कामाच्या वेळेत असं निघून जाणं नियमात बसत नाही. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. टाकळी नऊ किलोमीटर होतं, आणि सारा रस्ता ती एकच मागणं मागत होती, की पोरगी जिवंत असू दे.

विहीर शेताच्या मधोमध होती. बांधापासून विहिरीपर्यंतची वाट कांद्याच्या वाफ्यांतून जात होती आणि वाफे पाण्याने तुडुंब होते. वीस पावलांत रजनीच्या चपलांना एवढी माती लागली की पाय उचलेना. वऱ्हाडातली काळी माती ओली झाली की जावयासारखी चिकटते, सहजासहजी जायचं नाव घेत नाही.

नेर पोलीस ठाण्याचे नेमसिंग जमादार काठावर उभे होते. चार पोरं दोर धरून गळ फिरवत होती.

"काही लागलं?" रजनीने विचारलं. विचारताना तिला उत्तर नको होतं.

"अजून नाई. विहीर खोल हाय, मॅडम. पोरं सकायपासून उपाशी हायेत, पण कोणी हलायले तयार नाई."

चपला कोपऱ्यात वर्तमानपत्रावर ठेवल्या होत्या. निळ्या पट्ट्यांच्या, साध्या. रजनी वाकली. एक चप्पल उलटी करून पाहिली, मग दुसरी. तळाच्या नक्षीत वाळलेली पांढरी धूळ होती. तिने चपला होत्या तशा ठेवून दिल्या.

चिठ्ठीत तीन ओळी होत्या. 'मी जात आहे. कर्ज आता माझ्याबरोबर जाईल. बाबांना कोणी काही बोलू नये.' अक्षर अपेक्षाचंच, फाइलमधल्या अर्जावर होतं तसंच वळणदार.

रामराव बांधावर बसले होते. डोळे कोरडे, नजर विहिरीवर.

"काका, पाणी केव्हा सोडलं होतं?"

"लाइन राती बाराले येते. रातभर मोटर चालू होती," ते म्हणाले. पोरगी विहिरीत असताना कांद्याच्या पाण्याचं काय विचारता, असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी ते म्हटलं असतं तर रजनीला बरं वाटलं असतं.

कडुनिंबाखाली गर्दी होती आणि गर्दीच्या मध्ये सलील. बँकेने वसुलीला लावलेला यवतमाळचा माणूस. एरवी याला पाहून लोक दारं लावायचे. आज त्याचेच ओठ सुकले होते. दोघातिघांच्या हातात दगड होते.

नेमसिंगांनी त्याला पुढे ओढलं. "काल कवा आल्ता?"

"पाचला."

"काय बोलला?"

"नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे काय?"

सलीलने गर्दीकडे पाहिलं. "म्हणालो, भरले नाहीत तर फोटो चौकात लावू. इंजिनीअर झाली अन् बापाला बुडवते, असं."

"अन् पोरगी काय बोलली?"

"काहीच नाही. आत गेली. मी सहाला नेरला परत आलो. स्टँडवर चहा प्यायलो, टपरीवाल्याला विचारा. मी हात लावला नाही हो तिला."

"हात लावायची गरजच काय होती तुले?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं आणि दगडवाले एक पाऊल पुढे सरकले. नेमसिंगांनी सलीलला आपल्या पाठीमागे घेतलं. हा माणूस वाईट होता, पण तो खोटं बोलत नाही हे रजनीला कळत होतं. मग चपला कोरड्या कशा?

ती रामरावांच्या घरी गेली. अपेक्षाची आई इंदुताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारणींनी वाट दिली. बँकेची बाई म्हटल्यावर शिव्या खायची तयारी करूनच रजनी आत शिरली होती. पण इंदुताईंनी तिचा हात धरला.

"मॅडम, कालिजवाले दरसाली फी वाढवत गेले. पयल्या साली बावन्न हजार, चौथ्या साली एक्याऐंशी. कर्ज जुन्या फीचं अन् होस्टेलचं, वरचे आमी कापूस इकून भरले. इंजिनीअर झाली, अन् नेरले कॉम्प्युटरच्या क्लासात तीन हजारावर शिकवे. मायच्यानं पाहवे ना. मी तिले कवाच काई बोलली नाई."

"मला ठाऊक आहे, ताई." रजनीने खोलीभर नजर फिरवली. खोली स्वच्छ झाडलेली, मोकळी होती. "यंदाचा कापूस नाही ठेवला घरात?"

"संक्रांतीलेच इकला. पडेल भावात. बँकेचं भराचं म्हणून. तेवढं एक बरं झालं, अंगाची खाज गेली. कापूस घरात भरून ठेवला का त्यातले किडे चावते, समद्याच्या अंगावर पुरळ उठते."

"गावात अजून कोणाकडे आहे?"

"धावजीकडे हाय, दोन खोल्या. मागल्या साली क्विंटलले सात हजार गेलता ना, थो भाव येईन म्हणून बसला. आता पोरीकडे पुसदले गेला. बैलायले चारा टाकाचा म्हणून किल्ली आमच्या अमरपाशी."

रजनीने मान वर केली. "अमर सकाळपासून जेवला नाही म्हणे."

"भाकरी नेल्या की त्यानं. चार भाकरी अन् ठेचा बांधून देला म्या, गळ टाकणाऱ्या पोरायसाठी."

रजनीने पर्समधून फाइल काढली. शेवटून तिसरं पान सापडलं. तिने ते वाचलं, खालची सही पाहिली आणि फाइल मिटली. मग तिला सकाळचं आपलंच वाक्य ऐकू आलं, प्रेत लागतं.

ती धावत सुटली. जन्मात कधी धावली नव्हती अशी, साडीचा घोळ हातात धरून. विहिरीजवळ पोचेस्तोवर तिला धाप लागली होती. "जमादार, माझ्याबरोबर चला. धावजीचं घर. आत्ता."

"काहून? काय झालं?"

"चालता चालता सांगते. उशीर झाला तर गळाला खरंच काहीतरी लागेल."

धावजीच्या घराच्या पायरीवर अमर बसला होता. मुठीत किल्ली. दाराला कुलूप, आतून आवाज नाही.

"आत कोणी नाई," तो आधीच म्हणाला.

"अमर, तू तिला सांगितलंस का?"

"कोणाले?"

"प्रेत लागतं, हे मी सकाळी तुला बोलले. ते तिला सांगितलंस का?"

अमरने किल्ली मुठीत घट्ट धरली. नेमसिंग एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. आत धान्यात टाकायचं विषारी औषध असेल, दोर असेल, आढं असेल, काय नसतं शेतकऱ्याच्या घरात? आणि पोरगी हट्टाची होती. काल रात्री ती खरंच मरायला निघाली होती; प्रेत लागतं हे कळलं तर पुन्हा निघेल.

"अमर, बोल."

"नाई सांगतलं," अमरचा आवाज फुटला. "काय सांगू तिले? म्या सांगतलं, मॅडमनं कर्ज मिटवलं. मंग ती झोपली. तीन महिन्यानं झोपली ती, मॅडम."

नेमसिंगांनी किल्ली हिसकावून कुलूप काढलं. खोली छतापर्यंत कापसाने भरली होती. एका कोपऱ्यात कापूस बाजूला सारून जागा केली होती आणि तिथे अपेक्षा पडली होती, तोंडावर ओढणी, हलत नव्हती. मग ओढणीखालचा हात उठला आणि दंड खाजवू लागला.

नेमसिंग दारातच खाली बसले. "मॅडम, आता नीट सांगा. मले काई समजून नाई राह्यलं."

"रात्रभर वाटेवर पाणी होतं," रजनी म्हणाली. "अपेक्षा चालत विहिरीवर गेली असती तर चपला चिखलाने भरल्या असत्या. त्या धुळीच्याच होत्या. म्हणजे कोणीतरी हातात धरून नेल्या. आणि चिखल अमरच्या पायांना होता. तो म्हणाला अन्नाचा कण नाही, आणि आईकडून चार भाकरी नेल्या. त्या गळ टाकणाऱ्यांना पोचल्या नाहीत. घरातला कापूस संक्रांतीला विकला, तरी त्याच्या हातावर ताजं पुरळ. गावात कापूस धावजीकडे, आणि किल्ली याच्याकडे. बहीण सापडायच्या आत याने मला विम्याचं विचारलं. मला वाटलं, हाच काहीतरी करून बसला."

"मंग?"

"मग चिठ्ठी आठवली. 'कर्ज आता माझ्याबरोबर जाईल.' हे अपेक्षाने का लिहिलं? कारण तिला वाटत होतं तिचा विमा आहे. योजना तिची होती. खरी, मरायची. अमर, किती वाजता पकडलंस तिला?"

"पहाटे चार वाजता. दारात, चपला घालून राह्यली होती. चिठ्ठी हातात." अमर दोन्ही हातांनी तोंड झाकून बोलत होता. "म्या म्हनलं, मराची गरज नाई. मेली असं दाखवू. विमा भेटला का कर्ज फिटन, मंग तू दूर कुठी नोकरी कर. तवा कुठी ती आयकली. नाई तं म्या तिले किती दिवस धरून ठेवलं असतं, मॅडम?"

अपेक्षा उठून बसली होती. केसांत कापसाचे पुंजके अडकले होते. तिने सगळं ऐकलं की थोडंच, कळत नव्हतं. "मॅडम, काम झालं ना? कर्ज मिटलं ना?"

रजनी तिच्याजवळ कापसात बसली. पोरगी आनंदाने बघत होती, आणि तो आनंद आपल्याच हाताने मोडायचा होता.

"अपेक्षा, विमा कधी नव्हताच."

"होता. तुम्हीच म्हणाल्या होत्या. मुलीला काही झालं तर कर्ज विम्यातून फिटेल. मी तिथंच उभी होते."

"म्हणाले होते. मग मी तुला गुणपत्रिकेच्या झेरॉक्स काढायला पाठवलं. तू गेल्यावर बाबा म्हणाले, मॅडम, असं अभद्र बोलू नका. पोरीच्या मरणाचे पैसे मी आताच भरू काय? त्यांनी विमा नको म्हणून लिहून दिलं. ती सही माझ्याकडे फाइलमध्ये आहे." रजनीने तिचे दोन्ही हात धरले. "आज पहाटे तू गेली असतीस, तर एक पैसा फिटला नसता. सहकर्जदार बाबा आहेत. उद्या सलील त्यांच्या दारात उभा राहिला असता, आणि ते विहिरीकडे बघत बसले असते. जसे आत्ता बसलेत."

अपेक्षाचा चेहरा हळूहळू बदलला. मग ती लहान मुलीसारखी थरथरायला लागली, आणि अमरने तिला जवळ घेतलं.

"पंचनाम्यात काय लिहू?" नेमसिंगांनी विचारलं. "खोटी खबर यानं देल्ली. दोषी याले करू का तिले?"

"आधी माझं नाव लिहा," रजनी म्हणाली. "अर्धवट बोलले मी. नोटिशीआधी एकदा बोलावून घेतलं असतं तर मुदत वाढवता येते हे सांगितलं असतं. वाढवून मिळते. अर्ज मी आजच लिहिते. बँकेला जो खुलासा द्यायचा तो मी देईन."

नेमसिंगांनी वही खिशात घातली. "खबर चुकीची होती, पोरगी सापडली, एवढंच लिवतो."

तोवर कोणीतरी विहिरीवर जाऊन सांगितलं होतं. रामराव चिखलाच्या पायांनी धावत आले, मागोमाग सारी गर्दी. दारात थबकले, पोरीकडे पाहिलं आणि तिच्या थोबाडीत एक दिली. लगेच तिला छातीशी धरलं आणि सकाळपासून न रडलेला माणूस हंबरून रडला. मग तिचा हात धरून बाहेर आले. गर्दीने वाट दिली. गर्दीच्या टोकाला सलील उभा होता. रामराव त्याच्यासमोर थांबले.

"फोटो लावाचा हाय ना चौकात? लाव. बापलेकीचा संगं लाव. कर्ज हाय, आमी नाई म्हनत नाई. पण पोरगी बी हाय आमची. पयले थे लिहून घे."

सलीलने मान खाली घातली. बापलेक घराकडे चालू लागले, मागे अमर. रजनी पायरीवर बसली. तिच्याही हातांना आता खाज सुटली होती, आणि ती खाजवता खाजवता रडत होती.